कोनाडा लहान, चूल मोठी

उमरगा आणि आसपासच्या गावांत जी जुनी माळवदाची घरं अजून उभी आहेत, त्यांत चुलीचा कोपरा शोधावा लागत नाही. जाड दगडी भिंतीत कोनाडा, कोनाड्याच्या तोंडाशी मातीची चूल, शेजारी वैल, मागे भानवस आणि धूर जायला छतात एक झरोका. गॅस आला तरी हा कोपरा रिकामा झालेला नाही. चहा-भाजी गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत चालू आहे. तुराट्या शेतातून येतात, सिलिंडरला पैसे मोजावे लागतात, एवढं त्याचं साधं कारण.

मग घरात कुणाला दमा असतो, कुणाचे डोळे चुरचुरतात, आणि धुराड्याची चूल घ्यायचं ठरतं. साच्यातून पाडलेली सिमेंटची किंवा भाजल्या मातीची, नाहीतर पत्र्याची तयार चूल टेम्पोतून दारात येते. तेव्हा कळतं की चूल दोन फूट लांब आणि कोनाडा जेमतेम चौदा इंच खोल.

इथं हमखास दोन उपाय सुचवले जातात. एक, भिंत थोडी फोडू. दुसरा, चूल थोडी कापू. दोन्ही नकोत. जाळाची पोकळी, वैलाकडे जाणारी वाट आणि नळीचं तोंड ही मापं एकमेकांना धरून ठरवलेली असतात, त्यामुळे चूल कापली की तिचं आतलं गणित मोडतं. तरी कापलेली चूल फार तर धूर करील. फोडलेली भिंत जिवावर बेतू शकते, म्हणून आधी भिंतीचंच बोलू.

भिंतीला छिन्नी लावू नका

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, ती आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं झोपलेली असताना. त्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या गावांपैकी किल्लारी औसा तालुक्यातलं. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं, आता लोहारा तालुक्यात आहे. त्या पहाटे ज्या भिंतींनी माणसं गाडली, त्या याच जातीच्या होत्या. बेढब दगड चिखलात रचलेले, आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, आणि मधल्या पोकळीत गोटे आणि माती. जाडी दोन-तीन फूट, काही ठिकाणी त्याहून जास्त. पण दोन पदरांना एकमेकांशी बांधणारे आरपार दगड नसतील तर ती जाडी नुसतं वजन असते. हादरा बसला की पदर सुटे होतात, भिंत पोट काढते आणि ढासळते. माळवदाचं ओझं लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असतं हे खरं. त्यामुळे कित्येक घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या आत-बाहेर कोसळल्या.

अशा भिंतीतला कोनाडा म्हणजे आतला पदर आधीच कमी केलेला. तो रुंद करायला तुम्ही बाजूचा एक दगड उचकटता, तेव्हा वरच्या आडव्या फळीचं किंवा शिळेचं टेकणच काढता. गवंडी म्हणेल, ‘दोन दगडांनी काय होतंय?’ लगेच काही होणार नाही, हे त्याचं बरोबर आहे. घात तिथेच आहे. अशा कमी ताकदीच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ हे भारतीय मानक १९९३ सालचंच आहे. भिंतीत दर दोन फूट उंचीला आणि आडवं चार-चार फुटांवर आरपार दगड असावेत, असं ते सांगतं. तुमच्या भिंतीत ते आहेत की नाहीत हे बाहेरून बहुधा दिसत नाही. नाहीत असंच धरून चाला.

कोनाडा घराच्या कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत असेल, किंवा वरच्या शिळेखालून तिरकी भेग निघालेली असेल, तर तिथं चूल बसवण्याचा विचारच सोडा. कोनाडा दगड-विटांनी नीट भरून घ्या आणि चूल दुसरीकडे न्या. भिंतीने पोट काढलं असेल तर प्रश्न चुलीचा राहिलाच नाही. आधी इंजिनिअरला दाखवा.

माप कशाचं घ्यायचं

बहुतेक लोक कोनाड्याच्या तोंडाची रुंदी आणि उंची घेतात आणि दुकानात जातात. जुने कोनाडे मागे निमुळते असतात. तोंडाशी बावीस इंच असलेला कोनाडा मागे सोळा इंच भरतो, आणि वरची शिळा सरळ नसल्यामुळे डाव्या-उजव्या बाजूच्या उंचीत बोटभर फरक निघतो. म्हणून रुंदी समोर आणि मागे, उंची दोन्ही कडांना, खोली तळाशी आणि वर, अशी सगळी मापं घ्या. त्यांतलं सगळ्यांत लहान तेच तुमचं खरं माप. त्यातून दोन्ही बाजूंनी एकेक इंच आणि मागून दोन इंच वजा करा. उरेल तेवढ्यात चूल बसली पाहिजे.

चूल घ्यायच्या आधी टीव्हीच्या किंवा कुठल्याही जाड खोक्याचा पुठ्ठा कापून चुलीएवढा ठोकळा बनवा आणि कोनाड्यात सरकवून बघा. मग त्यावर रोजची भांडी ठेवा: भाताचं पातेलं, आमटीचं भांडं, तवा. झाकण उघडा, भांडं दोन्ही हातांनी उचला. इथं खरी अडचण कळते. चूल आत गेली तरी मागचं भांडं शिळेखाली अडकतं. भांड्याच्या वर हात घालायला आठ-नऊ इंच मोकळे नसतील तर गरम पातेलं तिरपं करून ओढावं लागतं, आणि कधीतरी ते अंगावर येतं.

हा पुठ्ठ्याचा प्रयोग घरातल्या पुरुषाने करून उपयोग नाही. जी बाई त्या चुलीसमोर बसणार, तिने बसून बघायचं. परात कुठे राहते, गुडघा कुठे अडतो, तुराट्यांचा भारा कोणत्या हाताशी येतो, हे तिच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. आणि भाकरीचं विसरू नका. तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करून फुगवतात. सुधारित चुलींचं तोंड लहान असतं, निखारा आत राहतो आणि भाकरीला टेकायला जागाच नसते. माझ्या मते चुली नाकारल्या गेल्या त्यामागे अज्ञानापेक्षा ही फुगवायची भाकरी जास्त आहे. चुलीच्या तोंडापुढे सहा-आठ इंचांचा सपाट ओटा ठेवला, त्याला कड काढली आणि त्यावर निखारे ओढता आले, तर हा प्रश्न सुटतो.

चूल बाहेर, नळी आत

चूल कोनाड्यात मावत नसेल तर कोनाड्यात फक्त नळी राहू द्या. दोन भांड्यांची चूल भिंतीशी समांतर, म्हणजे आडवी ठेवा. दोन्ही भांडी मोकळ्यावर येतात, वर शिळा नाही, हात भाजत नाही. चुलीच्या शेवटच्या टोकाकडून नळी कोनाड्यात वळते आणि वर जाते. त्यासाठी कोनाड्यापुढे विटांचा ओटा पुढे आणावा लागतो. हा ओटा नव्या पायावर स्वतंत्र उभा करा, जुन्या भिंतीत दात काढून अडकवू नका. भूकंपात दोघं वेगवेगळे हलू द्यावेत.

नळीची वळणं शक्य तितकी कमी ठेवा. एक सरळ काटकोनी वळण घेण्याऐवजी दोन अर्धी वळणं घ्या; धुराला काटकोन आवडत नाही आणि काजळी तिथेच साचते. आडवा भाग दोन फुटांपेक्षा लांब नको, आणि तोही चुलीकडून धुराड्याकडे चढता हवा.

पोलादी चूल असेल तर ती ओट्यात घट्ट चिणू नका. दीड फुटाचं पोलाद खूप तापलं की दोन-तीन मिलिमीटर वाढतं. सिमेंटने आवळून टाकलं तर पहिल्याच महिन्यात ओटा तडकतो किंवा पत्रा वाकतो. भोवती बोटभर फट ठेवा आणि तिच्यात चाळलेली कोरडी राख भरा. ही राख आपल्याकडे फुकट मिळते आणि उष्णता अडवायला उत्तम. दगड आणि दाबलेली माती उष्णता अडवत नाहीत, पितात. जाळाच्या भोवती भरीव दगडमाती असेल तर सकाळची पहिली दहा-पंधरा मिनिटं तुमचं सरपण भांडं तापवण्याऐवजी ओटा तापवतं. म्हणून जाळाजवळ राख आणि तिच्या बाहेर विटांचं बांधकाम, हा क्रम ठेवा.

भांडं भोकावर घट्ट बसलं पाहिजे. जुन्या चुलीवर भांड्याखाली तीन उंचवटे असतात आणि मधून ज्वाळा बाहेर येतात. धुराड्याच्या चुलीत तीच फट धूर घरात सोडते. लहान-मोठ्या भांड्यांसाठी पत्र्याच्या दोन-तीन चकत्या लोहाराकडून कापून घ्या. वैलावर काही ठेवायचं नसेल तेव्हा भोक झाकून ठेवा. ते उघडं असलं की नळी जाळाऐवजी स्वयंपाकघरातली थंड हवा ओढत बसते.

नळीचं गणित

तीन इंची आणि चार इंची नळीत एका इंचाचा फरक दिसतो, पण तोंडाचं क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून जास्त वाढतं. तुराट्या आणि पऱ्हाट्या भडकन पेटतात, एकदम धूर सोडतात. तीन इंची नळी तेवढा धूर गिळू शकत नाही आणि तो चुलीच्या तोंडातून परत येतो. शिवाय काजळीचा अर्ध्या इंचाचा थर बसला की तीन इंचांतले दोनच उरतात. चार इंचांपेक्षा कमी घेऊ नका, आणि चुलीचं निघतं तोंड ज्या मापाचं असेल त्यापेक्षा नळी कुठेही अरुंद करू नका.

उलट चूकही होते. काही वाड्यांत विटांचं रुंद धुराडं आधीच असतं, फूटभर चौरस. लोक चुलीची चार इंची नळी त्यात खालून नुसती खुपसतात आणि काम झालं समजतात. त्या धुराड्याचं तोंड नळीच्या अकरा पटींहून मोठं आहे. एवढ्या पोकळीत धूर पसरतो, गार होतो, वर चढायचं थांबतो आणि ओल्या काजळीच्या रूपाने भिंतींना चिकटतो. नळी त्या धुराड्यातून थेट वरपर्यंत न्या आणि खालची उरलेली फट पत्र्याने बंद करा. विलायती घरांतल्या जुन्या शेकोट्यांत नवी बंद शेगडी बसवतानाही तिथले कारागीर हेच करतात: पूर्ण उंचीची आतली नळी.

ओढ दोन गोष्टींवर ठरते, नळीच्या उंचीवर आणि धूर बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम आहे यावर. वैशाखात दुपारी बाहेर बेचाळीस अंश असताना गार नळीत ओढ जवळपास नसते, म्हणून पेटवताना धूर घरात येतो आणि चुलीला दोष दिला जातो. आधी नळीच्या बुडाशी कागद किंवा वाळलं पाचट पेटवा, नळी तापली की मग चूल पेटवा.

छतातून बाहेर जाणं हा सगळ्यांत नाजूक भाग. माळवदात तुळया, सरे आणि त्यांवर लाकडी फळकुटं असतात, सगळं वर्षानुवर्षं वाळलेलं. एकेरी पत्र्याच्या नळीपासून लाकूड अठरा इंच दूर असावं, असं अमेरिकेतलं अग्निसुरक्षा मानक सांगतं. माळवदाच्या दोन सऱ्यांमध्ये तेवढी जागा मिळत नाही. म्हणून नवं भोक पाडण्यापेक्षा आधीचा झरोका किंवा वरची खिडकी वापरा. झरोक्यातून नेताना चार इंची नळीभोवती आठ इंची दुसरी नळी घाला, मधली फट मोकळी ठेवा, आणि झरोक्याच्या कडेचं लाकूड तासून मागे सारा. भोवती पत्र्याची कॉलर माळवदावरच्या पांढऱ्या मातीच्या वर चार-पाच इंच उभी राहिली पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात पाणी तुळईवर उतरतं. खिडकीतून नेत असाल तर एका तावदानाच्या जागी पत्रा बसवून त्यातून नळी बाहेर काढा आणि भिंतीच्या बाहेरून वर न्या.

छताच्या वर नळी किमान तीन फूट हवी, आणि दहा फुटांच्या आत कठडा, पाण्याची टाकी किंवा शेजारची भिंत असेल तर त्यांच्यापेक्षा दोन फूट उंच. टोपी लावाच, पण नळी आणि टोपी यांत नळीच्या व्यासाएवढी फट ठेवा.

नळी कशाची, हेही बघा. प्लॅस्टिकच्या पीव्हीसी नळ्या धुराड्याला लावलेल्या दिसतात. त्या मऊ होतात, जळतात आणि विषारी वायू सोडतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वरच्या भागात चालतो, पण जाळाजवळच्या पहिल्या तीन-चार फुटांत साधा काळा पत्रा लावा. तिथलं तापमान जस्ताला झेपत नाही आणि त्याच्या वाफा छातीला वाईट. जुन्या सरकारी योजनेतल्या सिमेंटच्या करड्या नळ्या पडून असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा. त्या कापू नका, घासू नका, भोकं पाडू नका.

भूकंपानंतरची घरं

पुनर्वसनात बांधलेली घरं जमीन किती यावर २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची दिली गेली. २५० फुटांच्या घरात चुलीला जागा कुठून येणार? बऱ्याच कुटुंबांनी बाजूला पत्र्याचं छप्पर टाकलं आणि चूल तिकडे नेली. माझं मत विचाराल तर हा उपाय बहुतेक तयार चुलींपेक्षा चांगला आहे. दोन बाजू उघडं छप्पर, वर धुराडं, खाली विटांचा ओटा. भिंतीचा प्रश्न नाही, झरोक्याचा नाही. स्लॅबच्या घरात आतच चूल हवी असेल तर स्लॅबला भोक पाडताना सळई कापली जाते, म्हणून नळी खिडकीतून काढा.

चूल आणि गॅस एकाच खोलीत असतील तर सिलिंडर दुसरीकडे हलवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत पसरतो, आणि चुलीचा जाळ नेमका जमिनीलगतच असतो.

जुना इतिहास, जुनी चूक

निर्धूर चुलीचा हा खटाटोप नवा नाही. वर्ध्याची मगन चूल गांधीजींच्या काळातली. १९५० च्या दशकात, उमरगा हैदराबाद राज्यात असताना, हैदराबादच्याच अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल विकसित केली. केंद्राचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ ते २००२ चालला. पुण्याच्या ‘आरती’ या डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या संस्थेने ‘लक्ष्मी’सारख्या चुलींचे साचे तयार करून गावोगावच्या कुंभारांना आणि महिलांना शिकवलं. ओडिशात वाटलेल्या सुधारित चुलींचा अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं माग काढला. सुरुवातीला धूर कमी झाला. पण लोकांनी चुली नियमित वापरल्या नाहीत, नळ्या साफ केल्या नाहीत, मोडकं दुरुस्त केलं नाही, आणि फायदा विरून गेला.

त्यामुळे बसवण्याइतकंच नंतरचंही बघा. मातीची किंवा सिमेंटची चूल बसवल्यावर आठ-दहा दिवस सुकू द्या, मग दोन-तीन दिवस नुसत्या काडीकचऱ्याचा लहान जाळ करा. ओल्या चुलीत पहिल्याच दिवशी बाभळीचा ओंडका घातला की आतून तडा जातो. बाभूळ फोडून एक पूर्ण उन्हाळा वाळवलेली असावी. ओलं सरपण नळीत डांबरासारखी चिकट काजळी धरतं. ती झाडूने निघत नाही आणि पेटली तर माळवदापर्यंत जाते. तुराट्या चुलीत कोंबू नका, तोंडाशी एका विटेवर टेकवा, म्हणजे खालून हवा जाते. नळीला झडप बसवली असेल तर रात्री निखारे असताना ती पूर्ण बंद करू नका. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि झोपलेल्या माणसाला उठू देत नाही.

नळी महिन्यातून एकदा झाडा. वळणाच्या बुडाशी काढता येणारं झाकण ठेवून घेतलं असेल तर वर चढायचीही गरज नाही. काठीला पोत्याचा बोळा बांधून खालून फिरवा. मृगाच्या आधी मात्र एकदा माळवदावर जाऊन टोपी काढाच. चिमण्यांची काटकी-घरटी याच दिवसांत तिथं सापडतात. ती काढून झाल्यावर कॉलरभोवतीची पांढरी माती चेपून घ्या आणि पहिल्या सरीनंतर खाली तुळईवर ओल आलीय का ते बघा.